तेरा दिवस कमी

रविवार, ५ एप्रिल २०२६

बिल्डरने दिलेली ही डायरी जानेवारीपासून फ्रीजवर पडून होती. पहिल्या पानावर त्याच्या टॉवरचं चित्र आहे आणि तो टॉवर उभा आहे आमच्याच भातखाचरावर. आज लिहायला घेतली, कारण पोटात जे आहे ते या घरात बोलायची सोय नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत शीळफाट्याला कळलेलं असतं.

पहिलंच पान आहे तर नीट लिहिते. मी हेमा, या घरातली थोरली सून. तळमजल्यावर मी, आमचे हे आणि सासूबाई. दुसऱ्या मजल्यावर धाकटे दीर गुरुदत्त, त्यांची बायको करिश्मा आणि मुलगी दिशा. तर करिश्मा मलेशियाला चालली आहे. १२ ते १८ मे.

दुपारी गुरुदत्तभावजींनी खाली येऊन जाहीर केलं. "व्हिसा लागतच नाय वहिनी तिकडे! एजंट नको, फॉर्म नको. पासपोर्ट घ्यायचा आणि निघायचं. तिकिटं मीच काढली मोबाइलवर." मी म्हटलं, "छान." दुसरं काय म्हणणार? हे बाजूला बसून आंबा चोखत होते. ते मान वरसुद्धा करेनात.

१४ मेला मला पन्नास पूर्ण होतात. वर्षात बावन्न आठवडे असतात आणि यांना नेमका तोच सापडला. कोणाच्या ध्यानीमनीही नाही. असो.

मंगळवार, ७ एप्रिल

झोप नीट लागली नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. मला हेवा वाटतो आहे. चांगला सणसणीत वाटतो आहे.

दहा वर्षांपूर्वी आपणही जाणार होतो. जमिनीचे पैसे नवीनच आले होते आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवलं की सगळ्यांनी दुबई बघायची. पासपोर्ट काढायला आम्ही चौघं एकाच गाडीतून ठाण्याला गेलो. फॉर्म चौघांचे मीच भरले होते, कारण लग्नाआधी डोंबिवलीत गॅस एजन्सीत नोकरी केल्यामुळे या घरात कागद म्हटला की हेमा. करिश्मा तेव्हा छोट्या दिशाला माहेरी ठेवून आलेली. तिला गाडी लागते म्हणून खिडकी तिला दिली आणि मी दोघांच्या मधे अंग चोरून बसले. तेव्हापासून या घराच्या प्रत्येक गाडीत खिडकी तिची आणि मधली जागा माझी. पासपोर्ट आले आणि वीस दिवसांत बाबा गेले. दुबई तिथेच राहिली. पुढे सासूबाईंचा गुडघा, आमच्या मुलाची, हर्षितची, बारावी, करोना. आता हर्षित पुण्याला नोकरी करतो आणि मी अजून मधेच बसते.

शनिवार, ११ एप्रिल

शेजारच्या आळीत हळद होती. मांडवात बायका पापलेट सोडून करिश्माभोवती जमल्या. "व्हिसा नाय लागत? खरंच?" "अगं खरंच, भारताचा पासपोर्ट असला की तीस दिवस राहा." हे तिने असं सांगितलं, जसं काही हिनेच दिल्लीला जाऊन ठरवून घेतलं. नखांना मोरपिशी रंग लावला होता.

कोणीतरी मला विचारलं, "तुम्ही नाही जात?" मी काही बोलायच्या आत करिश्माच म्हणाली, "वहिनींना विमान नाही आवडत ना." मी कधी म्हटलं? विमानाला घाबरतात ते आमचे हे. मी एवढी चिडले की ताटात बोंबील तसाच ठेवून उठले.

शनिवार, १८ एप्रिल



घरातले सगळे महत्त्वाचे कागद माझ्या कपाटात असतात. सातबारा, दागिन्यांच्या पावत्या, सगळ्यांचे पासपोर्ट. चावी माझ्या कमरेला. सकाळी करिश्मा आली. "वहिनी, पासपोर्ट काढून ठेवाल? उतरायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन एक कार्ड भरावं लागतं म्हणतात. ते तुम्हीच भरा हं, आम्ही घोळ घालू." मग म्हणाली, "तुमचा आणि दादांचा पण काढा ना, सगळे एकत्र ठेवू." मी म्हटलं, माझ्या पासपोर्टचं काय काम? ती गोरीमोरी झाली. "असंच," म्हणाली.

फिरायला ही, आणि कारकून मी. तरी बसले. सवय वाईट. मोबाइलवर नियम काढले आणि एका कागदावर उतरवले. व्हिसा नाही, पण परतीचं तिकीट हवं, हॉटेलचं बुकिंग हवं, खर्चाला पुरेसे पैसे दाखवता यायला हवेत, ते कार्ड हवं. आणि पोहोचण्याच्या दिवसापासून पासपोर्ट कमीत कमी सहा महिने चालू असायला हवा.

करिश्माचा उघडला. मुदत ३० ऑक्टोबर २०२६ पर्यंत. बोटांवर मोजलं. १२ मे अधिक सहा महिने म्हणजे १२ नोव्हेंबर. तेरा दिवस कमी. भावजींचा उघडला, तीच तारीख. दिशाचा मात्र दोन वर्षांपूर्वी नवा काढला आहे, तो ठीक.

म्हणजे नवरा-बायकोला विमानात चढूच देणार नाहीत. हे घरात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

माझा पासपोर्ट खालीच होता. उघडायचा जीव झाला नाही. दहा वर्षांत त्यात एक शिक्का नाही, काय बघायचं? तिघांचे वर ठेवले, आमचे दोन खाली आणि कपाट बंद केलं.

सांगणार आहे मी. काही झालं तरी घरचीच माणसं. उद्या अक्षय तृतीया आहे, चांगल्या दिवशी कशाला. परवा सांगते.

मंगळवार, २१ एप्रिल

नाही सांगितलं. काल सकाळी जिन्यापर्यंत गेले होते. वरून करिश्माचा आवाज आला, फोनवर बोलत होती. "नाही नाही, वहिनींना काहीच सांगायचं नाही. त्यांना कळलं तर सगळं फिसकटेल."

तशीच खाली आले. बरं, नाही ना सांगायचं? मग मीही नाही सांगत. माझं तोंड काय कोणी शिवलेलं नाही, पण विचारल्याशिवाय उघडायचा मक्ता मी घेतलेला नाही.

तसा वेळ भरपूर आहे. तातडीने काढला तर आठवड्याभरात नवा मिळतो. एप्रिलअखेर सांगितलं तरी चालेल.

शुक्रवार, २४ एप्रिल

करिश्मा मला डोंबिवलीला घेऊन गेली. बॅग घ्यायची होती. माझं माहेर तिथलं, दुकानं मला पाठ. चार दुकानं फिरवली आणि दर बॅगेला विचारते, "वहिनी, रंग कुठला आवडतो?" मी म्हटलं, जांभळा. हिने पटकन जांभळी घेतली. मला आवडते म्हणून मुद्दाम! मग एक सुती कुडता-पायजमा माझ्या अंगाला लावून बघितला. "आपलं माप सारखंच आहे ना." सारखं कुठलं, माझ्या दोन करिश्मा होतील. तरी मोठाच घेतला आणि म्हणे सैल बरा असतो प्रवासात.

मी म्हणजे शिंप्याकडचा पुतळा झाले आहे. परत येताना मनात म्हणत होते, घे बाई, घे, बॅग भर आणि विमानतळ बघून परत ये.

हे वाक्य लिहून झालं आणि मलाच कसंतरी झालं. खोडत नाही. डायरी आहे.

सोमवार, २७ एप्रिल

हर्षितचा फोन. बायको कशी आहे विचारलं तर म्हणतो, "आई, तुझा पासपोर्ट आहे ना कपाटात? हरवला नाही ना?" मी म्हटलं, तुला काय करायचाय? "असंच, ऑफिसमधे विषय निघालेला."

या घरात सध्या सगळं असंच चाललं आहे. जेवताना हे विचारतात, "विमानात कान दुखतात म्हणे, खरं काय गं?" मी म्हटलं, ज्यांना जायचं त्यांना विचारा. यांनी नवे बूटही घेतले आहेत, वाडीत आंब्यांना पाणी घालायला. म्हातारपणी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

रविवार, ३ मे

एप्रिल संपला. सांगितलं नाही. आता तातडीचाही वेळ कमीच उरला. अजून जेमतेम जमेल. आजच्या आज सांगितलं, उद्याची तारीख मिळाली, पोलिसांचं काम लवकर झालं तर.

संध्याकाळी मनाचा हिय्या करून वर गेलेही. दार उघडंच होतं. करिश्मा कपड्यांच्या घड्या घालत होती. मला बघून तिने घाईघाईने बॅगेवर चादर टाकली. माझ्यापासून लपवते! मी काय तिचे कपडे पळवणार आहे?

"काय हो वहिनी?"

"काही नाही. सासूबाईंना पाय चेपायचं तेल हवंय."

"आणते मी खाली. आणि ऐका ना, कल्पिताताईंना बोलावलंय मी. नऊ तारखेपासून येतील दहा दिवस, आईंकडे बघायला."

कल्पिता म्हणजे आमची नणंद. दहा वर्षं सासूबाईंचं सगळं मी केलं आणि आता आठवडाभर बाई घर सोडून जाणार तर मदतीला नणंद? माझ्यावर एवढाही भरवसा नाही? तेल घेतलं आणि उतरले. जिन्यात डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं.

बुधवार, ६ मे

आता सांगून उपयोग नाही. हे लिहिल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. सुटले एकदाची, काही ठरवायचं उरलं नाही. पण सकाळपासून तीन वेळा दूध उतू घालवलं.

दिशा खाली येऊन लाडात म्हणाली, "काकी, तुम्हाला गॉगल छान दिसेल." माझ्या नाकावर चढवून फोटो काढला आणि हसत पळाली. पोरीचा पासपोर्ट ठीक आहे आणि तिचाच प्रवास बुडणार. तिचं मी काय बिघडवलं? म्हणजे तिने माझं. बघा, वाक्यसुद्धा सरळ येत नाही आहे.

शनिवार, ९ मे

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

कल्पिता दुपारी आली. संध्याकाळी सगळेच माझ्या स्वयंपाकघरात जमले. भावजींनी लॅपटॉप ठेवला आणि एक कागद. "वहिनी, ती कार्डं भरायची. पाच आहेत."

"पाच? तुम्ही तिघं ना?"

"नावं वाचा की मोठ्याने," करिश्मा म्हणाली. दिशाने मोबाइल माझ्यासमोर धरला होता.

मी वाचलं. गुरुदत्त. करिश्मा. दिशा. परशुराम, म्हणजे आमचे हे. आणि खाली करिश्माच्या गोल अक्षरात, हेमा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई कॉटवरून ओरडल्या, "मना सगला म्हायत व्हता गो! पन मी कोनाला नाय बोलली!" आणि फ्रीजजवळ हे उभे होते, नवे बूट घालून. विमानाच्या नावाने घाम फुटणारा माणूस.

"चौदाला आपण लंकावी बेटावर," करिश्मा म्हणाली. "समुद्रावर केक कापायचा. पन्नास वर्षं म्हणजे काय गंमत आहे? तिकडे हळदीत बायकांनी विचारलं तेव्हा मी कशीबशी वेळ मारून नेली. आणि येता-जाता दोन्ही वेळा विंडो सीट तुमची. मी गोळी घेईन उलटीची."

मी उठले, कपाट उघडलं. पाचही पासपोर्ट घेऊन आले. माझा उघडला. चाळीस वर्षांची मी फोटोतून बघत होते, केस काळेभोर. ३० ऑक्टोबर २०२६. आणि यांचाही. अर्थातच. एकाच गाडीतून गेलो होतो, एकाच टेबलावर माझ्याच हाताने चार फॉर्म भरले होते. मी इतके दिवस त्यांच्या दोघांच्या तारखा मोजत बसले.

दिशा अजून व्हिडिओ काढत होती. मी म्हटलं, "अगं, हे पासपोर्ट चालणार नाहीत. सहा महिने मुदत लागते. तेरा दिवस कमी पडतात."

आत्ताच दिसलं, अशा आवाजात म्हटलं. फार छान जमलं मला ते.

रविवार, १० मे

भावजी सकाळपासून फोनवर. विमान कंपनीने स्पष्ट सांगितलं, मुदत कमी असेल तर चढता येणार नाही. आज रविवार, उद्या रात्रीचं विमान, एका दिवसात नवा पासपोर्ट कोण देणार? दुपारी त्यांनी मोबाइल सोफ्यावर आपटला. "व्हिसा नाय म्हंजे काय नाय, असं वाटलेलं मला."

दिशा रडून रडून झोपली. यांनी बूट पुन्हा खोक्यात ठेवले.

आणि करिश्मा खाली आली. मला वाटलं, आता विचारेल. तिने माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, सॉरी. मीच बघायला हवं होतं. सगळं तुमच्यावर टाकायची सवय लागलीय आणि तुम्हालाच काही कळू द्यायचं नव्हतं. तुमचा वाढदिवस घालवला मी." आणि रडायला लागली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला सॉरी म्हणू दिलं. पूर्ण म्हणू दिलं.

गुरुवार, १४ मे

पन्नास झाले.

केक घरीच कापायचा ठरलं. करिश्माने जांभळी बॅग आणून माझ्यासमोर ठेवली. तिला माझ्या नावाचा टॅग लावलेला होता. "आता ही तशीच काय ठेवायची. तुमचीच आहे, उघडा." आत तो सैल कुडता-पायजमा, गॉगल, माझ्या बीपीच्या गोळ्यांची दिवसवार लावलेली डबी, आणि खाकऱ्याची सहा पाकिटं, कारण बाहेरचं खाल्लं की मला पित्त होतं.

सुरी हातात घेतली आणि भावजी सहज म्हणाले, "पण वहिनी, एप्रिलमधे तुम्ही आमचे पासपोर्ट काढलेले ना? नियमांचा कागदपण केलेला. तेव्हा तारीख नाही दिसली?"

मी बोलायच्या आत करिश्मा त्यांच्या अंगावर धावली. "त्यांच्यावर काय ढकलता? तिकिटं तुम्ही काढली, हुशारी तुमची! त्यांना दिसली असती तर त्या बोलल्या नसत्या का?"

शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प राहिले असते. पण ती माझी बाजू घेऊन भांडत होती आणि ते मला ऐकवेना.

"दिसली होती," मी म्हटलं.



"कधी?" करिश्माने विचारलं.

"अठरा एप्रिलला."

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. मला दिसत होतं. "मग तुमचा पण बघितला असेल ना?"

"माझा उघडलाच नाही."

"म्हणजे फक्त आमचंच जाणं बुडायला हवं होतं," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडायला हवं होतं.

हे माझ्याकडे बघत होते. एकतीस वर्षांच्या संसारात असं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, मला हेवा वाटत होता, करिश्मा. तुझा. खूप वर्षांपासून.

"केक काप गो," सासूबाई म्हणाल्या. "वितलून चालला."

कापला. करिश्माने सगळ्यांना बशा दिल्या, मलाही दिली. स्वतः घेतला नाही, वर निघून गेली.

शनिवार, १६ मे

दोन दिवस जिन्यावर पाऊल वाजलं नाही. आज अकराला करिश्मा आली. नखांवरचा रंग निघालेला होता. बसली नाही.

"पासपोर्ट द्या."

मी कपाट उघडून तिघांचे काढले. तिने हात तसाच पुढे ठेवला. "तुमचा आणि दादांचा पण."

या वेळी मी काय काम म्हणून विचारलं नाही. पाचही दिले. तिने माझ्यासमोर एकेक उघडून तारीख वाचली, माझाही वाचला, आणि रबर लावून पर्समध्ये टाकले.

"चौघांचे फॉर्म मी भरलेत. मंगळवारची वेळ मिळाली, ठाण्याला. यापुढे तारखा मी बघीन, वहिनी."

बस, एवढंच बोलली. पासपोर्ट होते त्या खणात आता नुसता कागद अंथरलेला आहे. जांभळी बॅग कॉटखाली आहे, मी रिकामी केलेली नाही.

मंगळवारी नऊला गाडी निघणार. खिडकी तिला लागते. मी मधे बसेन.